मोहनची गोष्ट

"मोहनच्या उजव्या हाताला चार बोटं नाहीत," सुमेध म्हणाला आणि थांबला. इथे किती थांबायचं हे त्याला पाठ होतं. खालच्या मजल्यावर प्रेस मशीनचे ठोके पडत होते. सातिवलीतल्या त्या कारखान्यात डब्यांची झाकणं बनत. मालक नेहलभाईंनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. फोरमन पास्कल पुढे सरकून बसले.

पडद्यावर फक्त एका रिकाम्या हातमोज्याचा फोटो होता. आकडे, सेन्सरची माहिती, किंमत, सगळं नंतर. आधी माणूस, मग मशीन. सेन्सर विकणाऱ्या त्याच्या कंपनीत नव्याने आलेल्यांनाही सुमेध हेच शिकवायचा.

"संध्याकाळची शिफ्ट. माल घाईचा. मोहनचं लक्ष एक क्षण हललं. एकच क्षण." तो पुन्हा थांबला. "हॉस्पिटलमधून तो घरी आला तेव्हा त्याची लहान मुलगी दारात उभी होती. तिने हात बघितला आणि विचारलं, पप्पा, आता माझी वेणी कोण घालणार?"

कोणी हललं नाही. या वाक्यावर कुठेच कोणी हलत नसे. गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा ते तिच्यात नव्हतं. वापीच्या एका मीटिंगमध्ये ते आपोआप तोंडून निघालं, तिथल्या मालकाचे डोळे भरून आले, आणि तेव्हापासून ते राहिलं.

मग त्याने सेन्सर दाखवला. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. सोबत आणलेल्या छोट्या मॉडेलमध्ये त्याने स्वतःची बोटं घातली. वरचा ठोकळा अर्ध्यातच अडकला. नेहलभाई हसले.

"बावीस मशीनला लावायचं तर किती दिवस?"

"दहा."

"काय पास्कल?"

"लावून टाकू, शेठ."

टेबलाच्या टोकाला खरेदी विभागातली टिफनी मीटिंगची टिपणं घेत होती. बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिने मान वर केली. "सर, एक विचारू? मोहनच्या मशीनला जाळीचा गार्ड नव्हता?"

"होता. त्या दिवशी काढलेला होता."

"कोणी काढला?"

हा प्रश्न आधीही एक-दोन ठिकाणी आला होता. उत्तर तयार होतं. "घाईत कामगारच काढतात, मॅडम. त्यांना वाटतं, हात भरभर चालतो."

"काढतात, काढतात," पास्कल म्हणाले.

टिफनीने ते लिहून घेतलं.

गार्ड सुमेधने काढला होता. चौदा वर्षांपूर्वी तो दुसऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. सातला टेम्पो निघायचा होता. मशीनवरचा कामगार ॲन्सेल्म नको नको म्हणत असताना त्याने स्वतः पाना घेऊन चारही बोल्ट सोडवले होते.

ऑर्डर पक्की झाली. नेहलभाईंनी हात मिळवला. टिफनी त्याला सोडायला जिन्यापर्यंत आली. तो दोन पायऱ्या उतरला तेव्हा ती म्हणाली, "सर, माझ्या पप्पांचं नाव ॲन्सेल्म. भुईगावचे."

सुमेधने कठडा धरला.

"तुमच्या कार्डावर नाव वाचलं तेव्हा वाटलं, दुसरे कोणी असतील."

"कसे आहेत ते?"

"बरे आहेत. डाव्या हाताने सगळं करतात. सकाळी वाडीला पाणी लावतात." ती जरा थांबली. "मी वेणीचं काही बोलले नव्हते, सर. माझे केस तेव्हा एवढेसेच होते. पट्टी बांधलेला हात बघून मी घाबरले आणि आजीच्या खोलीत जाऊन लपले. दोन दिवस पप्पांच्या जवळ गेले नाही. त्याचंच त्यांना जास्त लागलं."

"मला माहीत नव्हतं."

"कसं माहीत असणार? तुम्ही घरी आला नव्हतात."

खालून कोणीतरी टिफनीला हाक मारली. ती गेली नाही.

"चौकशीत पप्पांनी सांगितलं, गार्ड मीच काढला. आम्हाला म्हणाले, साहेबांचं नुकतंच लग्न झालंय, त्यांची नोकरी जाईल. ते त्यांनी ठरवलं, सर. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण आज तुम्ही तेच परत बोललात, आणि ते मला माझ्या हाताने लिहावं लागलं."

सुमेध खाली उतरला नाही. तो तसाच वळला आणि पायऱ्या चढून मीटिंगच्या खोलीत गेला. नेहलभाई आणि पास्कल चहा घेत होते.

"नेहलभाई, गार्ड मी काढला होता." तो टेबलाजवळ उभाच राहिला. "मोहन नाही, ॲन्सेल्म. सुपरवायझर मी होतो. ते नको म्हणत होते. त्यांचं लक्ष वगैरे काही हललं नव्हतं. आणि ते वेणीचं... ते मी रचलं. त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं, आणि मी शेजारी उभा होतो. गप्प."

पास्कलनी कप खाली ठेवला. दारात टिफनी येऊन उभी राहिली होती.

नेहलभाई उठले. त्यांचे डोळे ओलावले होते. त्यांनी सुमेधच्या खांद्यावर हात ठेवला आणि मनापासून म्हणाले, "अरे सुमेधभाई, मग हीच गोष्ट सांगत जा ना. त्याच्यापेक्षा ही भारी आहे."