इंजिनातली न दिसणारी हवा

वाचकहो, एका मेकॅनिकची परीक्षा कशी झाली, ते यथामती कथन करीत आहे. मोटारीचे इंजिन शिकविणाऱ्या कार्टूनमध्ये हसरा पिस्टन हवा दाबत होता. “पप्पा, हवा दिसतच नाय, मग दाबतात कशी?” रेचलने विचारले. तिचा बाप बॉस्को बाळकुम गावातला नामांकित मेकॅनिक. आठवीतच शाळा सुटलेली. लेकीपुढे अज्ञान उघडे पडणार, अशी त्याला भीती वाटली. “तुम्हाला पण नाय माहीत ना?” “चल गॅरेजात,” म्हणत तो उठला. थंड इंजिनाचा स्पार्क प्लग काढून त्याने तिचा अंगठा प्लगच्या भोकावर ठेवविला आणि पान्याने इंजिन फिरविले. फुस्सकन अंगठा उडाला. “बापरे, हवेनं ढकललं!” इंजिनाचा दम, म्हणजे आतल्या हवेचा दाब, बॉस्को वीस वर्षे अंगठ्याने असाच पारखीत आला होता. लेकीने अंगठा पुन्हा रोवला. “परत फिरवा पप्पा, हवेला आता नाय सोडणार!” दगडू भोईर, वाचकांचा आभारी.