बॅट टाक!

बेसबॉलमध्ये चेंडू टोलवला की बॅट तिथेच टाकून पळायचं असतं. पण प्रशिक्षक ग्लेनिसने आपल्या नव्या बेसबॉल क्लबात गोळा केलेले सगळे इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे गडी, क्रिकेटमध्ये मुरलेले. पहिल्या हंगामात अख्खा संघ बॅट कवटाळून पळाला आणि झाडून सगळे सामने हरला. दुसऱ्या हंगामात निम्मे सुधारले. तिसऱ्यात संघ चक्क जिंकायला लागला. सुधारायचा राहिला तो एकटा नेव्हिल, गावचा पोस्टमन.

"टाक की मेल्या ती बॅट!" ग्लेनिस मैदानाबाहेरून किंचाळायची. "बायको आहे का ती, बरोबर न्यायला?"

"हातातून सुटतच नाही हो बाई," नेव्हिल कान पकडायचा. "लहानपणापासूनची खोड."

"सुटेल. झोपेतसुद्धा सुटेल, बघच तू."

ऑगस्टमधल्या एका रविवारी गावाचा क्रिकेटचा अंतिम सामना होता, तोही शेजारच्या गावाशी. शेवटचा चेंडू, समोर नेव्हिल. एक धाव मिळाली की कप गावाचा. ग्लेनिस चहाचा कप घेऊन प्रेक्षकांत बसली होती. नेव्हिलने चेंडू तटवला, बॅट भिरकावली आणि रिकाम्या हातांनी वाऱ्यासारखा सुटला. यष्ट्या उडाल्या तेव्हा तो क्रीझपासून बरोबर एका बॅटच्या अंतरावर होता.

सगळं गाव डोक्याला हात लावून बसलं.

"टाकली! टाकली रे पठ्ठ्याने!" ग्लेनिस खुर्चीवर चढून ओरडत होती. अख्खं गाव वळून तिच्याकडे बघायला लागलं, तरी बाईला टाळ्या आवरेनात.