सपाट जागा

तेलाचा थेंब दगडावर पडला. आधी तो नुसताच पसरला, मग कोरलेल्या अक्षराच्या खाचेत उतरला आणि खाच धरून हळूहळू पुढे सरकला. एक अक्षर भरलं, मग शेजारचं. खाचेत साठलेली धूळ काळी पडत गेली. चंद्रिका घडीच्या खुर्चीवर बसून बघत होती. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. असल्या दगडात तेल मुरलं की साबणाने निघत नाही, हे तिला ठाऊक होतं.

दगड थडग्याचा होता. त्यावर तिच्या नवऱ्याने, गुरुशांतने, गॅसची शेगडी मांडली होती आणि कढईत चिकन परतत होतं.

"का बे साहेब, मीठ घातलास का?" तंबूची दोरी ताणता ताणता अभिमन्यूने विचारलं.

"साहेबाला विचारायचं नसतं बे. सॅल्यूट मारायचा असतो!" गुरुशांतने डोक्यावरची खाकी हॅट बोटाने वर ढकलली.

हॅट या सहलीसाठी मुद्दाम घेतलेली होती. दोघा मित्रांना धंदा काढायचा होता. इंग्रजांच्या वेळची ठिकाणं दाखवायची, शेजारी तंबू ठोकायचे, उघड्यावर स्वयंपाक. जागा बघायला म्हणून तिघं सोलापुरातून गाडी घेऊन निघाले होते. एक डाकबंगला झाला, एक दगडी पूल झाला. डाकबंगल्याच्या व्हरांड्यात छताचा पंखा ओढायच्या दोरीची कडी अजून भिंतीत होती. गुरुशांत आरामखुर्चीत पसरला आणि अभिमन्यूने त्याला टॉवेलने वारा घातला. "मेमसाब, तुम्हालाही घालू का?" दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. चंद्रिका त्या कडीकडे बघत राहिली. दोरीने घासून लोखंड एका बाजूला पातळ झालं होतं. दुपारचा डबा तिने तसाच झाकून ठेवला.

आणि आज हे माळरानातलं गोऱ्यांचं कब्रस्तान. गिऱ्हाइकांचा शेवटचा मुक्काम मात्र मंद्रूपच्या शेतात ठेवायचा होता. ते शेत चंद्रिकाचं, तिच्या वडिलांनी, अप्पांनी, तिच्या नावावर केलेलं. तिच्या होकाराशिवाय काही हलणार नव्हतं. दिवाळीपासून गुरुशांत विचारत होता आणि ती "बघू" म्हणत होती. पुरेसं पाहिल्याशिवाय काही ठरवायचं नाही, ही तिची सवय. त्या सवयीलाच तो होकार समजत आला होता.

"आईला सांगू नको हं चिकनचं," गुरुशांतने डोळा मारला. "लिंगायताचं पोरगं बाटलं म्हणून घर डोक्यावर घेईल."

त्याने काय खावं याचं तिला काही नव्हतं. पण त्याने तेलकट हात दगडाच्या कडेला पुसला, आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं.

ती उठली. दगडावरची कांद्याची सालं तिने उचलली. खाली इंग्रजीत मुलीचं नाव होतं, आईबापाची नावं होती. आणि वय. नऊ दिवस.

"हे बाळाचं आहे," ती म्हणाली.

"असेल की. दीडशे वर्षं झाली. आता कोण येतंय हितं रडायला?"

"आणि वहिनी, इंग्रजाचंच पोर ते," अभिमन्यू म्हणाला. "त्यांनी आपल्याला काय कमी छळलं?"

"हिनं?"

अभिमन्यू दोरीच्या गाठीकडे बघू लागला. गुरुशांतने एक तुकडा चाखून बघितला आणि हाडाची किरच जिभेच्या टोकावर आणून थुंकली. ती त्या आकड्याशेजारी पडली.

"ते जाऊ द्या, वहिनी," अभिमन्यूने विषय बदलला. "मंद्रूपचं काय ते सांगून टाका आता. आमचं सगळं तुमच्यावर अडलंय."

चंद्रिकाने नवऱ्याकडे पाहिलं. "मंद्रूपला चूल कुठं मांडणार?"

गुरुशांतचा चेहरा उजळला. तो उकिडवा बसला आणि उलथन्याच्या दांड्याने मातीत रेघा ओढू लागला. "हा रस्ता. ही विहीर. हितं तंबू. आणि चूल ह्या लिंबाखाली. लई भारी जागा आहे बघ ती! सपाट, सावली, वारं पण लागत नाही. अप्पांनी जणू आपल्यासाठीच झाड लावून ठेवलंय."

ती त्याचा चेहरा बघत राहिली. तो सोंग करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

लग्नानंतर मंद्रूपला तिचा मोठा मुक्काम एकदाच पडला होता, पहिल्या बाळंतपणाला. गुरुशांत तेव्हा पुण्यात होता. तो पोचला तेव्हा अप्पा सगळं उरकून, पाय धुऊन ओट्यावर बसले होते. त्याने त्यांच्या शेजारी बसून चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत गेला. अप्पा कुठून आले, हे त्याने तेव्हा विचारलं नाही. नंतरही नाही.

चंद्रिकाने गॅस बंद केला.

"अगं, शिजतंय अजून!"

तिने फडक्याने धरून कढई उचलली आणि खाली मातीत ठेवली. मग शेगडी. मग ओढणीच्या टोकाने दगड पुसला. किरच गेली, हळद गेली. अक्षरांतलं तेल तसंच राहिलं.

"मंद्रूपचं शेत तुम्हाला मिळणार नाही," ती म्हणाली. "त्या लिंबाखाली आपली मुलगी आहे."