कापशाची शिंक

"कपाट सरकवा," जनावरांची डॉक्टर म्हणाली.

"कपाटाचा आणि सशाच्या शिंकांचा काय संबंध?" ठेकेदारानं विचारलं. त्याचा आवाज जरा चढलाच.

पिंजऱ्यात कापशा पुन्हा शिंकला. मग त्यानं पुढच्या दोन्ही पंजांनी नाक पुसलं. पुसून पुसून पंजांवरची लव चिकट झाली होती. ठेकेदाराची मुलगी पिंजऱ्याला बिलगून उभी होती. रडून तिचंही नाक सशासारखंच लाल झालं होतं.

सगळे उपाय करून झाले होते. इंजेक्शनं झाली, नाकात थेंब झाले, औषधाची वाफ झाली. दाताचं मूळ नाकात घुसलंय का म्हणून एक्स-रेसुद्धा काढला. पिंजऱ्यातला भुसा जाऊन कागद आला, गवत झटकून धूळ काढली. औषध चालू असेपर्यंत ससा टुणटुणीत असायचा आणि बंद केलं की शिंका परत हजर. ससा नाकानंच श्वास घेतो, नाक बंद झालं की खेळ आटोपला, असं डॉक्टरनं सांगितल्यापासून घरात कोणाला जेवण गोड लागत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, तो राहतो ती जागा मला बघू द्या. म्हणून आज ती आजोबांच्या मागच्या खोलीत उभी होती.

पिंजरा या खोलीत आला तो आजोबांच्या हट्टानं. आधी तो हॉलमध्ये असायचा. "मला सोबत होईल," म्हणून त्यांनी मागून घेतला होता. आमच्या बाबांना सशाचा भारी लळा, असं सून शेजारणींना कौतुकानं सांगायची.

स्वतः आजोबा वर्षभर खोकत होते. एकदा त्यांनी मुलाला सांगून पाहिलं होतं, भिंतीला ओल आहे रे, मला हॉलमध्ये झोपू दे. आता या ठेकेदार मुलाचा धंदाच मुळी ओल काढायचा. त्याच्या गाडीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'ओल गेली, काळजी गेली'. किती गच्च्या आणि किती न्हाणीघरं त्यानं कोरडी करून दिली होती, तीही लेखी हमी देऊन. आणि त्याच्याच घरात ओल? पुढे कित्येक दिवस तो बापाशी धड बोलला नाही. मग त्यानं एक भलंमोठं कपाट आणून त्या भिंतीला लावलं आणि खोकल्याच्या औषधाची बाटली आजोबांच्या हातात दिली. 

"सरकवताय ना?" डॉक्टरनं विचारलं.

कपाट सरकलं. मागची भिंत खालपासून छातीपर्यंत काळी-हिरवी झाली होती. हात लावताच रंगाचे पोपडे गळाले. कुबट वास खोलीभर पसरला. ठेकेदारानं गळालेले पोपडे पायानं कपाटाखाली सारले. गिऱ्हाइकाकडे अशी भिंत दिसली की एरवी त्याची जीभ थांबत नसे.

"औषधं मी देईन हो कितीही," डॉक्टर म्हणाली. "पण श्वास घेणारं काहीही या खोलीत ठेवू नका. आज, आत्ता हलवा. नाहीतर हातचा जाईल."

आजोबांच्या छातीत धडधडायला लागलं. आनंदानंच. जे त्यांनी सांगून कोणाला पटलं नव्हतं, ते बाहेरच्या माणसानं तोंडावर सांगितलं होतं. त्यांनी लगबगीनं चादरीची घडी घातली. चष्मा खिशात टाकला आणि उशी काखेत मारली.

"पप्पा, आत्ता म्हणाल्या त्या, आत्ता!" मुलगी ओरडली.

घरात एकच धावपळ उडाली. सुनेनं हॉलमधला सोफा ओढून खिडकीपाशी जागा केली. ठेकेदार पिंजरा उचलून घेऊन गेला. पाठोपाठ गवत गेलं, पाण्याची बाटली गेली, मुलगीही गेली. मग ठेकेदार परत आला आणि कपाट पुन्हा भिंतीला लावू लागला.

"उगाच दिसायला नको," तो पुटपुटला.

एकट्याला ते जड जात होतं. आजोबांनी उशी खाली ठेवली आणि दुसऱ्या बाजूनं हात लावला.

सून दारात आली. घडी घातलेली चादर बघून तिला हसू आलं. "अहो बाबा, तुम्ही कशाला उठलात? पडा निवांत. आता अख्खी खोली तुमचीच." मग ती डॉक्टरकडे वळली. "निघताना दार तेवढं ओढून घ्या हं. हा वास कापशाकडे जायला नको."

दोघंही गेली. डॉक्टर बॅग आवरत राहिली. आजोबांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत डॉक्टर थांबली. तिला त्यांची दया आली होती. पण मग तिचं लक्ष खोलीकडे गेलं आणि ती चिडली.

"आजोबा, तुमची खाट तुम्ही भिंतीपासून पार लांब ओढलीय. पिंजरा मात्र त्या कपाटाला खेटून ठेवला होता. ओल तुम्हाला ठाऊक होती. मग त्या मुक्या जिवाला इथे कशाला आणलंत?"

आजोबा खाटेवर बसले. मान वर करायचं त्यांच्या जिवावर आलं. चादरीची घडी त्यांनी हळूहळू उलगडली.

"माझ्या खोकल्यानं कोणी ते कपाट हलवत नव्हतं, डॉक्टरबाई," ते म्हणाले. "म्हटलं, त्याच्या शिंकेनं तरी हलवतील."