टाचेचं औषध

राजारामपुरीतल्या घराचा जिना अनुजा धावतच चढली. आईला भलतीच डबी दिली गेलीय, हे तिला आत्ता प्रयोगशाळेत कळलं होतं. दोन्ही मलमं दिसायला सारखी. एकात चरबीचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्या पोटात दुखण्यावरचं औषध. नुसतं लावलं की कातडीतून आपलं आपण आत उतरणारं. दुसऱ्यात तेच कण, पण रिकामे, फक्त तुलनेसाठी. आईकडं गेली ती रिकामी! टाचदुखीनं शालूबाई महिनाभर जिना उतरली नव्हती, आणि लेकीनं तिला नुसती चरबी दिली होती. अनुजाला रडूच यायला लागलं.

दार उघडंच होतं. शालूबाई सोफ्यावर बसलेली. खाली फरशीवर आण्णा. बायकोचा पाय मांडीवर घेऊन टाच चोळत होते. जन्मभर एसटी चालवून राठ झालेले हात, पण किती हळू फिरत होते! अनुजा बघतच राहिली. नवऱ्यानं पायाला हात लावला तर पाप लागतं म्हणणारी तिची आई. चुकून त्यांना पाय लागला तरी वाकून नमस्कार करणारी.

"आण्णा, नुसतं लावायचं म्हटलेलं की!"

"नुसतं फासून कुठं औषध मुरतंय व्हय?" आण्णा गुरकावले. "आनी हिला वाकाय तरी येतंय काय?"

"लई गुण आला बघ," शालूबाई म्हणाली. "काल मंडईत जाऊन आले. आदी मी नगंच म्हनत हुते. पर औषधाला कसलं आलंय पाप?" आणि या वयात ती चक्क लाजली.

अनुजाला हसू आलं आणि डोळेही भरले. पण दुखणं रिकाम्या डबीवर किती दिवस निभणार? तिनं पिशवीतून खरी डबी काढली.

"आई, ती दे इकडं. आता ही वापरायची. ही जास्त चांगली हाय. हिला चोळायची गरज..."

आण्णांचा हात थांबला. शालूबाईनं हळूच पाय ओढून साडीखाली घेतला.

"न्हाय व्हय?" तिनं विचारलं. तोंड एवढंसं झालं होतं.

चोळावंच लागू नये, एवढ्यासाठी अनुजानं चार वर्षं जिवाचं रान केलं होतं.

"लई हाय," ती म्हणाली. "आण्णा, पहिल्यापेक्षा दुप्पट चोळाय लागतंय हे."