पाळत

अंबाडी नाक्यावर दिनेश आणि पूर्वाचं सूप-नूडल्सचं छोटंसं हॉटेल होतं. पूर्वाच्या वडिलांचा विरोध असताना दोघांनी लग्न केलं होतं. सासऱ्यांना दिनेशनं कधी पाहिलंही नव्हतं, पण त्यांची माणसं एक दिवस येतील आणि पूर्वाला घेऊन जातील, ही भीती त्याच्या मनातून जात नव्हती.

महिन्याभरापासून एक म्हातारा दर बाजाराच्या दिवशी यायला लागला होता. एक सूप मागवून तो तासभर बसायचा आणि त्याची नजर सारखी स्वयंपाकघराच्या दाराकडे असायची. आज दिनेशला राहवलं नाही. तो आत गेला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "तो म्हातारा आजपण आलाय. तुझ्या बापसानंच धाडला असणार, पाळत ठेवायला. तू बाहेर येऊ नको, मी हाकलतो त्याला."

पूर्वानं दारातून एकदा बाहेर पाहिलं आणि ती वाडग्यात सूप ओतत राहिली.


"खाऊ दे निवांत. पहिल्या दिवसापासून मी त्याचं सूप बिनमिरचीचं करते. माझ्या बापसाला तिखट सोसत न्हाय."