दाराबाहेरची वीस मिनिटं

"शिस्तीपुढे वेदनासुद्धा मान खाली घालून उभी राहते!" मुख्याध्यापिका बाईंनी बंद दाराला ठणकावून सांगितलं. दारावर काही परिणाम झाला नाही. बाईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, हे एव्हाना दारांनाही कळलं असावं.

दाराआड लेक होती. मुलगा म्हणून जन्मलेल्या तिने जन्मभर ज्या स्त्रीच्या शरीराची वाट पाहिली, ते तिला शस्त्रक्रियेनंतर आत्ता कुठे मिळालं होतं. आज एकोणिसावा दिवस. डॉक्टरांनी नेमून दिलेलं काम ऐकायला सोपं होतं. दिवसातून तीनदा, वीस मिनिटं, डायलेटर नावाची गुळगुळीत दांडी नव्या योनिमार्गात ठेवून पडून राहायचं. ते चुकत गेलं, तर शरीर त्या नव्या वाटेला जखम समजतं आणि इमानेइतबारे मिटवून टाकतं. शरीराला कोण समजावणार?

लेक घरी आली त्या पहिल्याच दिवशी बाईंनी दारावर वेळापत्रक चिकटवलं. सात, दोन, नऊ. वेळ झाली की तीनदा टकटक, आणि मग हातात घड्याळ घेऊन बाई दाराशी उभ्या. "पाच झाली. दहा झाली. हलू नकोस." आयुष्यभर परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारलेल्या माणसाला याहून वेगळी माया जमत नव्हती. त्यात ऑपरेशनच्या दिवशी त्या रक्तदाबाचं निमित्त सांगून घरीच बसल्या होत्या. ती गैरहजेरी आता मिनिटामिनिटाने भरून निघत होती.

पण कालपासून गाडं अडलं होतं. रात्री जमलं नाही. सकाळी जमलं नाही. आता दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"झालं का गं सुरू?"

आतून नुसतं कण्हणं आलं.

"रक्त येतंय का?"

"नाही. आतच जात नाहीये, आई. अंग दगड झालंय. मिटलं वाटतं सगळं."

 बाईंनी हॉस्पिटलला फोन लावला. घाईघाईत तो दोनदा इस्त्रीवाल्याला लागला. तिसऱ्यांदा सिस्टर सापडली. बाईंनी स्पीकर लावून फोन दाराशी धरला.

ताप? नाही. रक्त, पू? नाही. सूज उतरतेय? हो.

"मग एवढ्यात मिटत नाही," सिस्टर म्हणाली. "स्नायू आवळले जातायत. माणूस धास्तावला की होतं असं. जोर करू नका. लांब श्वास घ्या, जेल जास्त लावा, थोड्या वेळाने परत बघा. तरी नाहीच जमलं तर संध्याकाळी इकडे या. आणि त्या वेळी खोलीच्या आसपास काही गडबड असते का?"

"छे! टाचणी पडली तर ऐकू येईल," बाई अभिमानाने म्हणाल्या. "मी स्वतः दाराशी उभी असते."

"दाराशी? रोज?" सिस्टरने विचारलं. 

तीस वर्षं बाई वर्गात शिरल्या की पोरांचे श्वास अडकायचे. बाई त्याला आदर म्हणत आल्या होत्या.

"माझ्यामुळे?" त्यांनी दाराला विचारलं.

"तू 'पाच झाली' म्हणालीस ना, की पोटात गोळा येतो. चौथीच्या गणिताच्या पेपरला यायचा तस्सा."

बाई दाराला पाठ टेकून खाली बसल्या. फोन कधी बंद झाला, कळलंही नाही.

"मी त्या दिवशी आले नाही गं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता तरी जागचं हलायचं नाही."

 आतून एक लांब श्वास ऐकू आला, आणि त्यामागून लेकीचा आवाज.

"हल आता. अर्धा लिटर दूध घेऊन ये. कोपऱ्यावरून नको, पलीकडच्या चौकातून. आणि चालत जा."